आत्याचा रिकामा रकाना

माझी आत्या नेमकं काय काम करायची हे मला कितीतरी वर्षं नीट सांगताच यायचं नाही. शाळेत बाईंनी एकदा विचारलं, घरात कोण काय करतं, तर मी उठून म्हटलं, "माझी आत्या झाडांच्या किमती काढते." बाई म्हणाल्या, "अच्छा, लाकडाची वखार आहे का?" अख्खा वर्ग फिदीफिदी हसला आणि मी घरी येऊन ढसाढसा रडले. आत्याचा फोन आला कुठल्यातरी भलत्याच देशातून, तिला सांगितलं तर ती इतकी हसली की फोन हातातून पडला बहुतेक, कारण मग नुसता खडखडाट ऐकू आला.

बाबा तिला रेटकार्ड म्हणायचे. बाबांचं चष्म्यांचं दुकान, वर आमचं घर. आत्या वर्षातून एकदा यायची, जिना चढताना सुटकेसची चाकं प्रत्येक पायरीवर धाडधाड आपटायची आणि बाबा खालून ओरडायचे, "आलं गं आपलं रेटकार्ड! लपवा सगळं, नाहीतर भाव लावेल!" मग जेवताना खिडकीतल्या चिमणीकडे बोट, "हिचे किती धरायचे मॅडम?" आत्या शांतपणे घास चावत म्हणायची, "एकटीचे काही नाही दादा. सगळ्या गेल्या की विचार, मग सांगते."

खरं काम असं होतं. एक मोठी आंतरराष्ट्रीय संस्था, ती गरीब देशांना रस्ते, धरणं, बंदरं बांधायला पैसे देते. देण्याआधी हिशोब करते की फायदा किती, तोटा किती. आत्या मला एकदा ओट्यापाशी उभी राहून समजावत होती, भांडी विसळता विसळता. म्हणे, "त्या कागदावर सिमेंटला रकाना असतो, डिझेलला असतो, साहेबांच्या चहालाही असतो. जंगलाला नसतो. रकाना नाही म्हणजे ते नाहीच. मग त्यावरून रस्ता न्यायला कुणाचं काय जातंय? मी जाऊन तो रकाना घालते, बास. हीच माझी नोकरी." पर्यावरणाची अर्थतज्ज्ञ म्हणतात त्याला. मला ते तेव्हा जगातलं सगळ्यात भारी काम वाटलं होतं, अजूनही वाटतं, म्हणून तर एवढा त्रास होतो.

सुरुवातीला तिला झेरॉक्स मशीनच्या बाजूला टेबल दिलं होतं. सगळे इंजिनिअर, ही एकटी. एका मोठ्या बैठकीत एका धरणवाल्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, बेडूक धरले का हिशोबात?" सगळे हसले. आत्या म्हणाली, "धरलेत सर, पुढचं पान उघडा." आणि खरंच धरले होते! बेडूक गेले की डास, डास की ताप, ताप की बुडालेली मजुरी, सगळं मांडलेलं. धरण काही थांबलं नाही. पण त्यानंतर बेडकांवरून कोणी हसलं नाही म्हणे.

जिंकली ती एकदाच, धड. एका डोंगराळ देशात जंगलातून रस्ता जाणार होता, हिने दाखवून दिलं की खालच्या शहराचं पाणी त्या जंगलामुळे आहे, आणि रस्ता वळवला. बाकीच्या वेळी एकतर हरली नाहीतर अर्धवट काहीतरी मिळालं, म्हणजे शंभर झाडं तोडायची ती साठ तोडली. त्यात ती आनंद मानायची. मला कळायचं नाही कसा.

आणि त्यापायी तिचं बाकीचं सगळं राहिलं. लग्न नाही. "सुटकेसशी लागलंय" म्हणायची. आजी गेली तेव्हा ती अशा एका नदीकाठी होती जिथे फोन लागायचा नाही, निरोप पोचून ती येईपर्यंत सगळं उरकलं होतं. जिन्यात सुटकेस आपटत आली आणि बाबा दारातच म्हणाले, "सगळ्या जगाची किंमत काढतेस. आईची काढली होतीस का कधी?" मी लहान होते पण ते वाक्य मला आठवतं. आत्या आत गेली. हातपाय धुतले आणि आजीच्या रिकाम्या पलंगावरची चादर बदलायला लागली. त्यानंतर कित्येक वर्षं भाऊबहीण नुसते "मीठ दे, पंखा लाव" एवढंच बोलायचे.

म्हणून निवृत्तीच्या आधीचं शेवटचं काम आमच्या घरापासून दोन तासांवर मिळालं तेव्हा ती लहान मुलीसारखी खूष झाली. माझ्या खोलीत राहायला आली. अर्ध्या कपाटात तिच्या साड्या, अर्ध्यात माझा पसारा.

जागा म्हणजे बंदराशेजारची एक मोठी दलदल. भरती आली की पाणी, ओहोटीला काळा चिखल, खारफुटी, बगळे, शिंपल्या. कडेला होडीवाल्यांची वस्ती, पत्र्याची घरं, आणि वर पक्क्या रस्त्यालगत नोकरीवाल्यांची घरं. बंदराला ती दलदल भरून ट्रक उभे करायला जागा हवी होती. आत्याला ठरवायचं होतं की दलदल गेली तर लोकांचं किती नुकसान. ती मला म्हणाली, "ही एक वाचवते आणि घरी बसते. एवढी एक." तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, चिखलात आधार लागायचा, आणि मला सुट्टी होती, म्हणून मी तिच्यासोबत जायचे.

त्यांची पद्धत अशी. घरोघर जाऊन शेवटी एक प्रश्न विचारायचा, "ही दलदल कायमची गेली, तर तुमच्या घराला किती भरपाई मिळाली तर चालेल?" लोक आकडा सांगतात, त्याची सरासरी काढतात, सगळ्या घरांनी गुणतात. वरच्या रस्त्यावरचे लोक पटापट सांगायचे. एक काका तर म्हणाले, "घाण वास जाणार असेल तर उलट मीच देतो की काहीतरी!" पण खाली होडीवाल्यांकडे गाडी अडायची.

तिथे एक बाई होती, आम्ही तिला होडीवाली मावशीच म्हणायचो. उलट्या घातलेल्या होडीला डांबर फासत होती. आत्याने प्रश्न विचारला. ती वरही न बघता म्हणाली, "घ्यायचीये का तुम्हाला?"

"नाही हो, मी नाही घेणार."

"मग दुसरं कोणी गिऱ्हाईक आणलंय?"

"तसं नाही, नुसतं समजा—"

"गिऱ्हाईक नाही, घेणं नाही, मग भाव कशाला विचारता बाई? जीभ खाजते?" शेजारच्या दोघीतिघी खो खो हसल्या. आत्याही हसली. मी पण. पुन्हा विचारलं तर म्हणाली, "विकायची नाहीये. लिहा तसं. आणि साडी वर घ्या, डांबर लागेल."

त्या सगळ्या गल्लीने तेच सांगितलं. विकायची नाही.

आता असा नकार देणाऱ्यांचं काय करायचं, तर त्यांना बाजूला काढायचं. हे माझं नाही, त्यांच्या पुस्तकातच आहे, जगभर करतात. आकडा नाही तर सरासरीत बसणार कसे? आत्याने आयुष्यभर तेच केलं होतं, सगळ्या देशांत, कधी विचारही न करता. आणि यावेळी आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसली, आकडा काढला, तो बंदराच्या फायद्यापेक्षा थोडकाच कमी आला. अगदी थोडका. तिने बाजूला काढलेली घरं नकाशावर बघितली आणि चष्मा काढून ठेवला.

मी विचारलं, "काय झालं गं?"

"पाण्याला चिकटून राहतात तेवढेच सगळे बाहेर गेलेत," ती म्हणाली. "राहिले कोण? ज्यांना वास येतो ते."

तिने लगेच तिच्या साहेबाला फोन लावला. हा साहेब म्हणजे तिच्याच हाताखाली शिकलेला मुलगा, आता तिच्या वर बसलेला. फोन स्पीकरवर होता. तो म्हणाला, "मॅडम, एवढं काय त्यात? त्या घरांना एक दणदणीत आकडा लावून टाका. कोण विचारतंय?"

"त्यांनी सांगितलेला नाही तो."

"मग नेहमीसारखी सरासरी लावा."

"ती वरच्यांची आहे. वरच्यांचं तोंड खालच्यांना कसं लावू?"

"मॅडम, मग नक्की काय टाकू मी तिथे?"

बाबा बाजूला बसून काचा पुसत होते, ते मध्येच म्हणाले, "टाक की गं मोठा! एवढी वर्षं अंदाजपंचेच चाललंय ना तुझं?"

आत्याने फोन ठेवला. "दादा, माझे आकडे चुकले असतील. खोटा एकही नाही. माझ्याकडे तेवढंच आहे."

बाबा काचा पुसत राहिले. पण त्यांचा चेहरा पडला.

मग तिने जे केलं ते मला तेव्हा इतकं ग्रेट वाटलं की मी टाळ्या वाजवल्या. त्या गल्लीसाठी तिने वेगळा रकाना केला आणि तो रिकामा ठेवला. खाली एक पान लिहिलं की हे लोक किंमत सांगत नाहीत कारण ते विकत नाहीत, आणि हे सुटेपर्यंत खालची बेरीज पुरी समजू नये. म्हणाली, "रिकामी जागा बघून कोणीतरी विचारेलच. विचारलं की थांबलं. थांबलं की मी बोलेन."

बैठकीला मी तिच्यासोबत गेले. मला बाहेर पाण्याच्या मशीनपाशी खुर्ची दिली. काचेचं दार होतं, आतलं दिसायचं, ऐकू यायचं नाही. लांबलचक टेबल, भिंतीवर पडदा. पडद्यावर फक्त शेवटची ओळ आली, बेरीज. आत्याने हात वर केला, काहीतरी बोलली. अध्यक्षबाईंनी मान डोलावली, अगदी प्रेमाने. मग पडदा बदलला. दुसऱ्याच कुठल्या देशातल्या पुलाचा फोटो आला. मला वाटलं, मधेच पूल कसा काय? आणि आत्या उठून बाहेर आली.

"झालं?"

"झालं. भरणार."

"आणि रिकामा रकाना? कोणी विचारलं नाही?"

"मी सांगितलं. म्हणाल्या, टिपण जोडलेलं आहे, सवडीने वाचू." ती माझ्या शेजारी बसली, पाणी घेतलं, प्यायली नाही. "अगं, कॉम्प्युटरला रिकामं म्हणजे शून्य. त्याने शून्य धरून बेरीज केली. नेहमीची सरासरी लावली असती ना, तर निदान थोडक्यात हरलो असतो. मी त्यांना पार पुसलं. मीच."

मी म्हटलं, "तुझी चूक नाही गं." ती माझ्याकडे बघतच राहिली, मी काहीतरी परक्या भाषेत बोलल्यासारखी.

घरी येऊन म्हणाली, मला वस्तीत जाऊन सांगायचंय. आई म्हणाली, "पेपरात येईलच की." बाबांनी दुकानाचं शटर खाली ओढलं आणि गाडीची किल्ली घेतली. भर दुपारी. दुकान बंद करून बाबा आत्यासाठी कुठे निघालेत असं मी पहिल्यांदाच बघत होते.

ओहोटी होती. बाबा तिचा दंड धरून चिखलातून चालले, बुटांची वाट लागली. होडीवाली मावशी जाळं सोडवत बसली होती. आत्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. भरणार, कधी भरणार, आणि त्यांचा नकार हिशोबात शून्य झाला तेही.

मावशीचे हात थांबले. "म्हणजे आम्ही आकडा सांगितला असता तर वाचली असती?"

बाबांनी आत्याचा दंड दाबला, मी बघितलं. हळूच म्हणाले, "नको सांगूस." मलाही तेच वाटत होतं. बोल ना खोटं, एकदाच बोल. सांग की काहीही झालं असतं तरी भरलीच असती. कोणाचं काय बिघडणार होतं?

आत्या म्हणाली, "कदाचित वाचली असती. हो."

"किती सांगायला पाहिजे होता?"

आत्याने तो हिशोब केलेला होता. न करून राहणारच नव्हती ती. तिने घरामागचा आकडा सांगितला. होडीला जुनं इंजिन बसवायला जेवढे लागतात ना, त्याच्या निम्मे.

मावशीने आ वासला. "एवढेच?"

"एवढेच."

"अहो मग म्हटलं असतं की! त्याच्या दुप्पट म्हटलं असतं, दहापट म्हटलं असतं, तोंडाला काय पैसे पडतात? मला वाटलं आकडा सांगितला म्हणजे विकली. म्हणून नाही सांगितला." तिचा आवाज चढला. "तुम्ही तेव्हाच सांगायचं ना बाई, नाही बोललं की गेली म्हणून!"

"मला तसं सांगता येत नाही," आत्या म्हणाली. "सांगितलं तर उत्तर खोटं पडतं." आणि हे बोलताना तिलाच ते ऐकवेना, तिने मान खाली घातली.

मावशी उठली. मला वाटलं आता मारतेय बहुतेक. पण ती आमच्याकडे पाठ करून गल्लीच्या तोंडाशी गेली आणि पलीकडच्या घराला हाक मारून ओरडली, काय झालं ते, आणि शेवटी तो आकडा. तिथली बाई बाहेर आली. तिने मागे वळून सासूला सांगितला. सासू बहिरी, म्हणून पुन्हा मोठ्याने. मग पुढचं दार. कोणी रडलं नाही, कोणी शिव्या दिल्या नाहीत, नुसता तो आकडा दारादारातून पुढे चालला होता, प्रत्येक जण एकदा विचारायचा, "किती?" आणि दुसरं कोणीतरी सांगायचं.

बाबा म्हणाले, "चल ताई." तिला ताई म्हणाले. ती धाकटी आहे त्यांच्याहून.

आत्या हलली नाही. मी तिला दुसऱ्या बाजूने धरलं. म्हणाली, "थांब जरा दादा. आकडा शेवटच्या घरापर्यंत जाऊ दे."

आम्ही तिघं तसेच उभे राहिलो चिखलात.