डावा कौल

देव्हाऱ्यात ओली तगर दिसली की मला अजून तो कौल आठवतो. वागळे इस्टेटमधल्या आमच्या कारखान्याने मला पहिल्यांदाच चीनला पाठवायचं ठरवलेलं, आणि शांघाय, ग्वांगझौ, शेन्झेन यांतली दोन शहरं मी निवडायची होती. कारखान्याला लागणारे साचे शेन्झेनला बनायचे, म्हणून तिथलं तिकीट मी घरात न सांगता आधीच काढलेलं. आईने मात्र गावच्या गुरवाला देवाला कौल लावायला सांगितला. मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या तगरीच्या पाकळ्या चिकटवायच्या; उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डोंबिवलीच्या स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर ठेवून आम्ही दोघं ऐकत बसलो. शांघायला उजवी पडली, ग्वांगझौलाही. मग बराच वेळ नुसती घंटा ऐकू येत राहिली. "वयनी, शेन्झेनाक डावी पडली. झिलाक थंय धाडू नकात," गुरव म्हणाला. आईचे कणकेचे हात परातीतच थांबले. "नाही जात गं तिथे," मी म्हणालो. चार दिवस शेन्झेनमधला प्रत्येक जिना मी कठडा धरून उतरलो आणि फोनवर आईला शांघायची थंडी सांगत राहिलो. देवाने लेकाला राखलं, असं ती आजही येईल त्याला सांगते. मी मान डोलावतो, पण तेव्हा देव्हाऱ्याकडे बघायची माझी हिंमत होत नाही.