काचवाल्याचं अळणी सँडविच

ती लहान असताना तिच्या आईबापांचं एकदा मिठावरून वाजलं होतं. ती दाराआड उभी राहून ऐकत होती, एका पायात मोजा आणि दुसरा हातात. बापाला रक्तदाब, म्हणून आईनं जेवणात मीठ कमी केलं होतं. बाप म्हणत होता, माझ्या ताटात काय पडायचं ते मी ठरवणार. आई म्हणत होती, मग वाढूनही तुम्हीच घ्या. आवाज दोघांनीही चढवला नव्हता, आणि त्याचीच पोरीला जास्त भीती वाटली. पुढे बरेच महिने बाप थोरल्या काकांकडे जेवायला जायचा, आणि आई त्याचं ताट रोज मांडायची, रोज उचलून ठेवायची. पोरीनं तेव्हाच मनाशी पक्कं केलं की आपल्या घरात हव्या त्या गोष्टीवरून भांडण होऊ दे, ताटावरून होऊ द्यायचं नाही. लहानपणी माणूस काय काय ठरवतं आणि बहुतेक विसरून जातं. हे तेवढं ती विसरली नाही.

तिचं लग्न झालं एका काचवाल्याशी. म्हणजे खिडक्यांना काचा बसवणाऱ्याशी. सगळी गल्ली त्याला काचवाला म्हणायची, आणि तीही चारचौघांत ‘आमचे काचवाले’ म्हणायची. उंच, हडकुळा माणूस. बोलायला लाघवी, पण मनाला लागलं की गप्प बसायचा, आणि त्याचं गप्प बसणं चांगलंच लांबायचं. ती घरी बसून लोकांचे पडदे शिवायची. “मी लोकांच्या घरात उजेड सोडतो, आणि ही बाई तो झाकायचे पैसे घेते,” असं तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा. पहिल्यांदा ऐकणारा हसायचा. तिला मात्र हा विनोद लग्नापासून ऐकावा लागत होता.

काचवाला दुपारी सँडविचच खायचा, आणि त्याला कारण होतं. काच चौकटीत बसवली की कडेनं लांबी, म्हणजे पुट्टी, भरतात आणि ती अंगठ्यानं दाबत न्यावी लागते. तेलकट, चिकट प्रकरण. हाताला एकदा बसलं की साबणालाही दाद देत नाही. अशा हातानं घास घ्यायचा कसा? म्हणून ती सँडविच कागदात अशी बेतानं गुंडाळायची की केळं सोलावं तसा कागद सोलत जायचं आणि पावाला बोट न लावता खायचं. आत खारवलेल्या मांसाचे पातळ काप. कधी हॅम, कधी सलामी. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं, आणि कुणाची काही तक्रार नव्हती.

मग एका हिवाळ्यात संध्याकाळी त्याच्या पायातून बूट निघेनात. मोजा काढला की त्याची नक्षी घोट्यावर उमटलेली. तिनं बोटानं दाबून पाहिलं, तर खळगा पडला आणि पडलेलाच राहिला, मऊ लांबीत अंगठ्याचा ठसा राहतो तसा.

डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावली, बराच वेळ ऐकलं, आणि सांगितलं की हृदय थकलंय. पाणी बाहेर टाकायच्या गोळ्या देते, पण मीठ तोडलं नाही तर गोळ्या काय करतील? आज पायात आहे, उद्या हे पाणी छातीत चढेल. मग त्यांनी दिवसभराचं खाणं विचारलं. काचवाला आपला छताकडे पाहत बसला, आणि तिनं सँडविचचं सांगितलं. बाईंनी कपाळावर हातच मारून घेतला. म्हणाल्या, त्या खारवलेल्या कापांत अख्ख्या दिवसाचं मीठ एका बैठकीत पोटात जातं. पहिलं ते बंद.

घरी आल्यावर त्यानं बाकी सगळं मान्य केलं. सकाळ-संध्याकाळ अळणी दे, म्हणाला, दगड उकडून दे, खाईन. पण दुपारच्या पावात मांस हवं. शिडीवर उभं राहायचं असतं, भाजीपाल्यावर पाय थरथरतात. त्यात खरं किती आणि हट्ट किती, कोण जाणे. तिनं वाद घातला नाही. ताटावरून भांडायचं नाही हे तिचं ठरलेलंच होतं. तिनं पिशवी उचलली आणि कमी मिठाचं मांस शोधायला निघाली.

आता हे शोधणं म्हणजे काय होतं, ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. मोठ्या दुकानातल्या थंडगार कपाटासमोर उभं राहायचं, एकेक पाकीट उलटं करायचं, आणि मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात ‘सोडियम’ कुठे लिहिलंय ते हुडकायचं. ती चष्मा कपाळावर सरकवून पाकीट नाकाला लावायची. दुकानातली मुलगी लांबून नजर ठेवून असायची. शेवटी तिनं जवळ येऊन विचारलंच, “आजी, वास बघताय का?” ही अजून आजीही नव्हती.

एका पाकिटावर मोठ्या हिरव्या अक्षरात ‘मीठ कमी’ लिहिलेलं सापडलं. ती हरखून घरी घेऊन आली. घरी नीट वाचलं तेव्हा उलगडा झाला. मीठ कमी, पण त्याच कंपनीच्या दुसऱ्या पाकिटापेक्षा कमी. आणि तो आकडाही दोन कापांचा. काचवाल्याच्या पावात पाच काप जायचे. तिनं हॅम पाण्यात भिजवून पाहिलं, उकळून पाणी ओतून पाहिलं. मीठ थोडं गेलं, चव सगळी गेली. काचवाल्यानं ते खाल्लं आणि एवढंच म्हणाला की घरात एखाद्या बुटाचा तळ हरवला असेल तर शोधू नकोस, तो मी आत्ताच खाल्ला.

तेव्हा तिनं पाकिटांचा नादच सोडला आणि कोपऱ्यावरच्या खाटकाकडून ताजी कोंबडी आणायला लागली. छातीचा गुबगुबीत तुकडा घ्यायचा, लसूण, मिरी आणि लिंबू चोळायचं, मिठाचा कणसुद्धा नाही, आणि झाकण ठेवून मंद आचेवर शिजवायचा. निवला की पातळ काप. आणि काय सांगावं, जमलं! काचवाल्यानं पहिल्या दिवशी कागद रिकामा आणला आणि म्हणाला, “अगं, अळणी वाटत नाही हे.” तिला इतका आनंद झाला की शेजारच्या तिघींना तिनं कृती सांगितली. मिठावाचून चव आणता येते, हाताला कसब हवं, असं वर ऐकवलंही. भांड्यात कोंबडीचं पुष्कळ पाणी सुटायचं. ते तरी कशाला टाका? रात्री गरम करून तेही त्यालाच प्यायला द्यायची. ताकदीचं असतं म्हणून.

पाय मात्र उतरेनात. आठवडे गेले, गोळ्या वाढल्या, आणि खळगा पहिल्यासारखाच. जिना चढताना तो मध्येच थांबून खिडकीची काच तपासल्याचं सोंग करायचा. डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून विचारलं की मीठ कुठून जातंय? ती शपथेवर म्हणाली, माझ्या हातून नाही. मग बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. तिनंही पाहिलं.

संशय एकदा घरात शिरला की कुठे कुठे बसतो. ती त्याच्या सदऱ्याचा वास घ्यायला लागली. खिसे चाचपायला लागली. तो आंघोळीला गेला की त्याची हत्यारांची पेटी उघडून पाहायची. सापडायचं काहीच नाही, आणि सापडत नाही म्हणून खात्री आणखी वाढायची.

एका दुपारी ती थेट त्याच्या कामावर जाऊन धडकली. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर माणसं जेवायला बसली होती. काचवाल्याच्या शेजारी त्याचा जुना सोबती सुतार, आणि दोघांच्या मध्ये एक तेलकट कागद. त्यावर हॅमची गुलाबी चिंधी चिकटलेली. तिच्या डोक्यात जे काही साठलं होतं ते सगळ्यांदेखत तोंडातून बाहेर पडलं. मी दुकानं पालथी घालते, डोळे फोडून घेते, आणि तुम्ही इथे चोरून खाता?

“ते माझं आहे, वहिनी,” सुतार म्हणाला.

“तुम्ही मध्ये पडू नका, भाऊजी. यांचे पाय काय वाऱ्यानं फुगले?”

काचवाल्याच्या हातात तिनंच दिलेलं सँडविच होतं, अर्धं सोललेलं. त्यानं ते परत कागदात गुंडाळलं, व्यवस्थित, ती गुंडाळायची तसंच.

“मी खाल्लेलं नाही,” तो म्हणाला.

आणि त्या दिवसापासून तो गप्प झाला. दिलेलं खायचा, रात्रीचं कढतं पाणी प्यायचा, भांडं विसळून ठेवायचा. पडदे आणि उजेडाचा विनोदही बंद. तिला वाटलं, पकडला गेलाय, म्हणून तोंड नाही. वाटलं खरं, पण पडद्याच्या शिवणी वाकड्या जायला लागल्या.

पुढच्या आठवड्यात ती खाटकाच्या दुकानात उभी होती. पुढे एक म्हातारी स्वयंपाकीणबाई हुज्जत घालत होती. तिला ही फुगवलेली कोंबडी नको होती, पाणी न भरलेली हवी होती. खाटकानं पुटपुटत खालच्या खणातून एक बारकुडी, फिकट कोंबडी काढून दिली. बाई गेल्यावर हिनं विचारलं, “दादा, कसलं पाणी?”

“मिठाचं, ताई. कारखान्यातच सुया टोचून भरतात. मांस नरम राहतं, आणि वजनालाही बरं.”

“मी नेते त्यात?”

“सगळ्यांच्यातच असतं. लोकांना गुबगुबीत आवडते.”

“मला कधी बोलला नाहीत.”

“तुम्ही ताजी मागितलीत, मी ताजी दिली. मीठ म्हणजे तुम्ही घरी घालता ते, असं मी समजलो. मला काय ठाऊक, ताई?”

त्यात त्याचं खोटं काही नव्हतं. ती काही न घेता बाहेर आली आणि दुकानाच्या पायरीशीच उभी राहिली. तिच्या हाताचं कसब! चव त्या सुईची होती. आणि भांड्यात सुटलेलं ते पाणी तिनं रोज रात्री, फुंकर घालून, स्वतःच्या हातानं त्याला पाजलं होतं.

घरी न जाता ती तशीच कामावर गेली. तो शिडीच्या खालच्या पायरीवर होता, सुतार चौकट धरून. बाकीची माणसंही होतीच. तिनं सगळं सांगितलं, सुई, पाणी, सगळं. मग सुताराकडे वळून म्हणाली, “भाऊजी, हे खरं बोलत होते. मी चुकले.” सुतार बिचारा चौकटीमागे लपायला जागा शोधायला लागला.

काचवाला लांबी दाबत राहिला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, “तरीच म्हटलं, हिला एवढा चांगला स्वयंपाक कधीपासून यायला लागला.”

बारकी कोंबडी घरात आली आणि पायांची सूज बरीच उतरली. शिजवली की जेमतेम ओलावा सुटायचा, आणि चव, खरं बोलायचं तर, पुठ्ठ्याची. काचवाला आता मिरी वाढवून मागायचा आणि खायचा. पण हृदयाचं जे व्हायचं ते होऊन बसलं होतं. तिनं डॉक्टरीणबाईंना एकटीनं गाठून विचारलं, त्या खारट कोंबडीमुळेच का? बाई म्हणाल्या, तसं सांगता येत नाही. नाही म्हणाल्या असत्या तर ती झोपली असती, हो म्हणाल्या असत्या तर रडून मोकळी झाली असती. हे ‘सांगता येत नाही’ घेऊन तिला रोज स्वयंपाकघरात उभं राहावं लागलं.

कोंबडी आणायला मात्र ती त्यानंतर एकदाच गेली. निवडता निवडता तिथेच डोळे पुसायला लागली, म्हणून काचवाल्यानं ते काम आपल्याकडे घेतलं. तो शिडी चढेनासा झाला, काचेच्या दुकानात बसून नुसत्या काचा कापायला लागला, तरी दिवसाआड संध्याकाळी खाटकाकडचा फेरा त्याचाच होता.

तो गेला वसंतात, सकाळी, अंथरुणातच. आदल्या संध्याकाळीही तो खाटकाकडे जाऊन आला होता. खाटकानं तिला मागाहून सांगितलं की वळणावर दिव्याच्या खांबाला धरून काचवाले थोडे थांबले होते, पण ते तर दर वेळी थांबायचे. आत आले, पहिली कोंबडी अंगठ्यानं दाबून पाहिली आणि परत सारली. “हिच्यात पाणी आहे. माझ्यात आहे तेवढं पुरे.” दुसरी दाबली, ती पसंत पडली. कागद दुहेरी गुंडाळायला लावला आणि खांबाकडे न बघता निघाले.

त्या संध्याकाळी घरी ती शिवणयंत्रावर होती. त्यानं पुडकं फ्रिजच्या खालच्या फळीवर ठेवलं, खाली बशी सरकवली, हात धुतले. “आणलीय गं,” म्हणाला, आणि बूट काढायला बसला.