पाण्याने मेलेला तरवड आणि सासवडचा माळ

शनिवार, १० जानेवारी, सकाळी दहा वाजून वीस मिनिटं. आमच्या मुलुंडच्या सोसायटीचे सेक्रेटरी श्री. देसाई यांनी माझा तरवड मेल्याचं जाहीर केलं. मारलाही त्यांनीच. कंपाउंडभर ठिबकची नळी फिरवून महिनाभर रोज पाणी सोडलं. माळावर उन्हाळाभर थेंब न मागणारं झुडूप ते! मुळं कुजली.

"मॅडम, आम्ही सगळ्या झाडांना समान न्याय दिला," ते म्हणाले. "आता तिथे छान फरशी टाकू."

तीन वर्षं माझ्या खिडकीखाली त्या पिवळ्या फुलांवर काळे भुंगे यायचे. फुलाला लटकून असे घुमायचे की माझा चहा गार व्हायचा. फरशीवर कोण येणार?

शाळेतल्या मैत्रिणीला, कांदिवलीच्या कुमुदला, फोन केला.

"बियांसाठी सासवड? नर्सरीत बघ ना गं!"

"बघितलं. तिथे जास्वंद गळ्यात मारतात. येतेस की नाही?"

मंगळवारी सकाळी निघालो. बसने स्वारगेट, तिथून सासवडची एसटी. बायकांना अर्धं तिकीट, म्हणून कुमुदने वाचलेल्या पैशांचे अंजीर घेतले आणि वाटेतच "संपले" म्हणून सांगितलं. सासवडहून रिक्षा केली. गावाबाहेर वळताच दोन्ही बाजूंना तरवड! दगडांतून उगवलेला, कुणी न लावलेला, पिवळाधमक. भुंग्यांचा आवाज रिक्षा बंद झाल्यावर ऐकू आला.

तिथे शेळ्या राखणाऱ्या द्वारकाबाई भेटल्या. आमची कथा ऐकून खाली बसून हसल्या.

"पाणी घालून मारला? आमच्याकडं तोडला तरी फुटतोय. मुंबईत पाणी लय झालंय व्हय?"

"टँकर मागवतो आम्ही," कुमुद म्हणाली. बाई आणखी हसल्या.

त्यांनीच वाळक्या शेंगा काढून दिल्या. बी दगडावर घासायचं, गरम पाण्यात रात्रभर ठेवायचं. "आन् कुंडीत नको. मूळ खोल जातं. जागेवरच पेर आन् इसरून जा." नवरात्रात घटाच्या माळेत त्या हीच फुलं ओवतात. वर पिठलं-भाकरी खायला घातली. मी दिलेले पैसे घेतले नाहीत. कुमुदचे उरलेले दोन अंजीर मात्र घेतले.

म्हणजे संपले नव्हते तर. कुमुदशी मी स्वारगेटपर्यंत बोलले नाही.

घरी येऊन बी घासलं, रात्रभर गरम पाण्यात ठेवलं आणि खिडकीखाली जुन्याच जागी पेरलं. दुसऱ्याच सकाळी माझा हात मगाकडे गेला! कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर रोज गुलाबांना पाणी घालायला लावायच्या, ती सवय. माती नळीने आधीच ओली होती. तो मग तसाच परत ठेवून दिला. विसरून जाणं हे पाणी घालण्याहून अवघड काम आहे, हे मी देसाईंच्या बाजूने मान्य करते. एवढंच.

श्री. देसाई, हा ब्लॉग तुम्ही वाचता. मागच्या वेळी माझ्या लेखातल्या चुका तुम्हीच काढल्या होत्यात. काल एक भुंगा रिकाम्या मातीवर दोन फेऱ्या मारून गेला. त्याला मला काहीतरी सांगावं लागेल. तेव्हा माझ्या खिडकीखालची नळी काढली जाईल आणि तिथे फरशी पडणार नाही, असं लेखी उत्तर मला शनिवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी पाचच्या आत हवं. "बघू या" हे उत्तर धरलं जाणार नाही.