लटारूभाऊनं मोटार पारखली

लटारूभाऊला मोटारीतलं ओ का ठो कळत नव्हतं. ही गोष्ट त्याला स्वतःला पक्की ठाऊक होती, आणि ती दुसऱ्या कोणाला ठाऊक होऊ द्यायची नाही एवढंच आता त्याच्या हातात उरलं होतं.

बैलांचं म्हणाल तर सिंदेवाहीपासून मूल गावापर्यंत त्याच्या तोडीचा पारखी नव्हता. कोणी गोऱ्हा घ्यायला निघाला की आधी लटारूभाऊला बैलबंडीत बसवायचा. तो जनावराभोवती एक फेरी मारी, दात पाही, खुरं पाही, शेपूट उचलून पाही आणि सगळ्यांदेखत निकाल देई. निकाल गोड करून सांगायची त्याला सवयच नव्हती. एकानं म्हातारा बैल शिंगांना तेल चोपडून, झूल पांघरून उभा केला, तर हा भर बाजारात म्हणाला, "याले इकू नोको, याचा फोटो काढून ठेव." विकणारे त्याला गाठून तंबाखू देत, कोणी घरी बोलावून कोंबडा कापी. लटारूभाऊ तंबाखूही खाई, कोंबडाही खाई, आणि खोड असली तर खोडच सांगे. तीस वर्षांत त्यानं खोडीच्या जनावराला चांगलं म्हटलं नव्हतं. त्याच्याजवळ शेत बेताचं होतं, घर बेताचं होतं. ऐट होती ती एवढीच.

आणि एके दिवशी जावई वारलू नाचतच घरी आला.

"मामाजी, मोटार घेऊन राह्यलो! तुमी पाहाले चाला."

वारलू ठेकेदाराच्या लाकडं वाहणाऱ्या ट्रकवर चालवायला शिकला होता. माणूस कष्टाळू, पण चकचकीत काही दिसलं की याचं डोकं गेलंच कामातून. नवेझरीचे मालगुजार, म्हणजे गावाचे जमीनदार, गुणवंतराव यांची हिरवी मोटार विकायला निघाली होती. मालगुजारी जाऊन दोन वर्षं झाली होती. गुणवंतरावांनी आधी बैलांची दमणी विकली, मग बंदूक विकली, आता मोटारीवर आले होते. वारलूला मोटारीची गादी लाल आहे एवढं सांगता येत होतं आणि भोंगा कसा वाजतो ते तोंडानं वाजवून दाखवता येत होतं. बाजाराच्या गावांना माणसं न्यायची, चांद्याला कोर्टाची गिऱ्हाइकं पोचवायची, असा त्याचा बेत.

"आन् पैसा?" लटारूभाऊनं विचारलं.

वारलूनं रंभाकडे पाहिलं. रंभा, लटारूभाऊची एकुलती एक लेक, दाराशी उभी होती. तिनं शांतपणे सांगितलं, "माहे तोडे आन् गोट मोडाचे हाय, बाबा."

ती चांदी लटारूभाऊनंच लेकीच्या अंगावर घातली होती. रंभाच्या लग्नात घरच्या गायीची दोन गोऱ्ही, हातानं चारा घालून वाढवलेली, विकून त्यानं पायातले तोडे आणि हातातले गोट घडवले होते. गोऱ्ही जाताना मागं वळून पाहत होती, ते त्याला अजून आठवायचं. आणि आता ती चांदी एका पत्र्याच्या डब्यात जाणार, तीही त्याच्या तोंडच्या शब्दावर! हो म्हणावं तर लेक बुडेल. नाही म्हणावं तर कशावरून म्हणावं? आणि 'मले समजत नाई' म्हणण्यापेक्षा त्यानं मिशी काढून दिली असती.

"पाहू ना," तो ऐटीत म्हणाला. "जनावर ते जनावर."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची बैलबंडी जुंपून तिघं नवेझरीला पोचले. रंभानं चांदी फडक्यात बांधून कमरेला खोचली होती.

मोटार अंगणात उभी होती. धुतलेली, पुसलेली, अगदी नवरदेव! ओसरीवर गुणवंतराव होते आणि त्यांच्या शेजारी तराजू घेऊन चक्क सोनार बसला होता. विकणाऱ्याची एवढी घाई पाहून लटारूभाऊनं कान टवकारले.

"ये लटारू, ये," गुणवंतराव म्हणाले. "अरे, एका झटक्यात चालू होते. विलायती माल!"

त्यांच्या गड्यानं पुढचं हँडल एकदाच फिरवलं आणि मोटार घुरघुरायला लागली. वारलूचे डोळे मोठे झाले. त्यानं भोंगा वाजवला, पुन्हा वाजवला, आणि मालगुजाराच्या कोंबड्या सैरावैरा पळाल्या. गड्यानं मोटार बंद केली.

मग लटारूभाऊ उठला. धोतराचा सोगा खोचला. मोटारीभोवती एक फेरी मारली, फार सावकाश. चाकांना बोटानं टिचक्या मारल्या. दिव्यांत डोकावून पाहिलं. दात कुठं असतात ते काही सापडेना, तेव्हा तो मागं गेला आणि तीस वर्षांच्या सवयीनं, जनावराची शेपटी उचलतात तशी, त्यानं मागची धुराची नळी मुठीत धरली.

आई गं! हात चर्रकन पोळला. पण लटारूभाऊच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. त्यानं नळी सोडली, हात मागं बांधले आणि मुठीतल्या मुठीत बोटं चोळत विचार करू लागला.

मोटार तर आत्ता घडीभरच घुरघुरली होती. तेवढ्यात इतकी तापते? मग त्याला लंगडे बैल आठवले. लंगडा बैल विकायचा असला की दलाल त्याला पहाटेच कोस दोन कोस पळवून आणतो. अंग गरम असलं की लंगडणं दिसत नाही. गिऱ्हाईक खुशीत घेऊन जातं, आणि रात्री थंड झालेला बैल सकाळी उठतच नाही.

'असं हाय का, मालक!' लटारूभाऊ मनात म्हणाला. त्याला इतका आनंद झाला की हात पोळल्याचं दुःखच राहिलं नाही.

तो ओसरीवर येऊन बसला. "जनावर देखनं हाय," म्हणाला. सोनारानं तराजू उचलला. "पन मालक, उनातून आलो. थोडं पानी पाजा."

पाणी आलं. मग त्यानं तंबाखू मागितली. मग मळली. मग मालगुजाराच्या आजोबांची चौकशी केली, ते वारून वीस वर्षं झाली होती, त्यांच्या शिकारीच्या गोष्टी काढल्या. गुणवंतराव चुळबुळ करू लागले.

"लटारू, सौदा उरकून टाकू ना."

"उरकू ना मालक, काय घाई हाय? मोटार काई पळून नाई जात." एवढं बोलून त्यानं खुशाल जेवणाचा विषय काढला. आता दारी आलेल्या माणसाला मालगुजार नाही कसं म्हणतील? पान वाढलं गेलं. लटारूभाऊ भात अशा संथपणे जेवला, जणू एकेका शिताची पारख करत होता. वारलू जागच्या जागी तळमळत होता. रंभा मात्र बापाकडे एकटक पाहत होती आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

हात धुऊन लटारूभाऊ उठला, नळीला हळूच बोट लावून पाहिलं. थंडगार.

"हां. आता उठवा."

गड्यानं हँडल मारलं. मोटार नुसती खोकली. परत मारलं. परत खोकली. वारलूनं मारलं, सोनारानं मारलं, शेवटी खुद्द गुणवंतरावांनी कोट काढून मारलं आणि घामाघूम झाले. मोटार काही उठेना.

"मालक," लटारूभाऊ अगदी गरिबासारखा म्हणाला, "आमी आलो त्याच्या आधी तुमी हिले किती वेळ पळवली होती?"

गुणवंतरावांचं तोंड उतरलं. सोनार तराजू पिशवीत घालू लागला. वारलू मोटारीच्या पायरीवर बसून राहिला. लटारूभाऊची छाती मात्र फुगली. मोटार असो की बैल, लटारूच्या डोळ्यांत धूळ फेकणारा अजून जन्मायचा होता! लेकीची चांदी वाचली.

"चाल पोरी," तो म्हणाला. "बंडी जुंप."

रंभा जागची हलली नाही. तिनं वारलूला विचारलं, "तुमी काल म्हनले, उतारावर ढकलली का मोटार हँडलाबिगर उठते. खरं हाय का?"

"उतारावर उठते ना," वारलू मान खाली घालून म्हणाला. "पन रोज उतार कुठून आनाचा?"

"आपलं घर तलावाच्या उच्या पाळीवर हाय. रातच्याले वर उभी कराची. सकाळी सोडली का खालच्या रस्त्यावर जाईपावतर उठन." मग ती गुणवंतरावांकडे वळली. "मालक, थंडी झाली का न उठनारी मोटार. आता किती घेता?"

लटारूभाऊ आ वासून पाहत राहिला. सौदा बोलायचा तर बाजाराच्या रीतीप्रमाणे दुपट्ट्याखाली हात घालून, बोटं दाबून. म्हणून त्यानं आपला दुपट्टा पुढे केला.

"ठेवा ते बाबा, मी तोंडानं सांगते," रंभा म्हणाली. "गोट नाई देत. नुसते तोडे."

गुणवंतराव थोडे कुरकुरले, पण गिऱ्हाईक दुसरं नव्हतंच. सोनारानं तराजू परत बाहेर काढला.

"अवो पोरी," लटारूभाऊ तिच्या कानाशी लागून कळवळला, "मी खोड काढून देल्ली ना तुले! तरी घेतं?"

"खोड काढाले तर तुमाले आनलं, बाबा. तुमच्याबिगर गोट वाचले असते काय? घ्याचं का नाई, हे मले ठरवाचं होतं."

लटारूभाऊनं पुढे केलेला दुपट्टा गुंडाळून खांद्यावर टाकला. तीस वर्षं लोक आपला निकाल ऐकायला येतात असं तो समजत होता. आज पहिल्यांदा त्याला शंका आली, की बाकीचेही आपल्याला भाव पाडायलाच नेत असतील.

मोटार न्यायची वेळ आली तेव्हा कळलं की टाकीत पेट्रोल नावालाच आहे. मालगुजारांनी दाखवण्यापुरतंच घातलं होतं, उरलेल्या वाटीभरात घर गाठणार नव्हतं. शेवटी बंडीच्या मागं दोर बांधला. पुढं लटारूभाऊ आपली बैलं हाकत, मागं मोटारीत चाक धरून वारलू, आणि लाल गादीवर रंभा. नेमका त्या दिवशी बाजार होता. साऱ्या मुलखाची माणसं त्याच रस्त्यानं परतत होती आणि त्यातला प्रत्येक जण लटारूभाऊला ओळखत होता.

इतवारी नावाचा एक शेतकरी रस्त्यातच आडवा उभा राहिला. मागल्या वर्षी त्याची जोडी लटारूभाऊनं चारचौघांत नापास केली होती. आज त्याला देवच पावला होता.

"काऊन लटारूभाऊ! हे कोनतं जनावर आनलं? आन् याची खोड कोनती हाय, सांग ना!"

माणसं जमली. हसू लागली. खोड लटारूभाऊच्या जिभेवर तयार होती. आजवर अशी खोड त्यानं कधी गिळली नव्हती. त्यानं मागं पाहिलं. रंभा गादीवर पाय वर घेऊन ताठ बसली होती, समोर पाहत. तिचे मोकळे पाय त्याला दिसले, आणि पायांवर तोड्यांचे फिकट वळ.

"खोड?" लटारूभाऊ मोठ्यानं म्हणाला, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं. "एकबी खोड नाई. माह्या लेकीनं घेतली हाय. मी पारखून देल्ली हाय."

आणि कोणी दुसरा प्रश्न विचारायच्या आत त्यानं दोन्ही बैलांच्या शेपट्या पिरगाळल्या.