दोन टिप्पर माती

शहराच्या टोकाला, हुडकेश्वरला आम्ही घर बांधलं तेव्हा आमच्या लेआउटमध्ये जेमतेम वीसेक घरं होती. प्लॉट खोलगट होता, म्हणून ठेकेदारानं भराव टाकायला सांगितलं. माती आणून देणारा टिप्परवाला मीच शोधला. शेजारच्या मावशींनी मला आधीच सांगून ठेवलं होतं, "तुह्या घरी माती येईन तवा माह्याकडे बी एक गाडी टाकायला सांग वं. भाजी लावीन म्हणते." मी दोन टिप्पर मागवले. एक आमच्या अंगणात पडला, त्यावर पुढे फरशी बसली. दुसरा मावशींकडे.

मावशी उमरेडच्या विणकर घरातल्या. वडिलांचा माग बंद पडला तेव्हा त्या नर्सिंग शिकल्या आणि सरकारी दवाखान्यांत नोकरी करून रिटायर झाल्या. मुलगा पुण्यात. घरी त्या एकट्याच, त्यामुळे पालक, मेथी, सांभार, म्हणजे कोथिंबीर, उगवला की स्वतःला मूठभर ठेवून बाकी सगळा वाटायच्या. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मावशींच्या पालकाची डाळ तिला फार आवडायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात मावशींनी मला हाक मारली. वाफे कोरडे पडले होते आणि मातीवर हिरवट पिवळी साय धरली होती, हळदीचं पाणी सांडून वाळावं तशी.

"हे काय होय वं? मी तं शेणखताशिवाय काही टाकलं नाही."

त्यांनी हात पुढे केले. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्या होत्या, कातडी लाल झाली होती. इतके महिने त्या साबणाला दोष देत होत्या.

आम्ही पिशवीत माती भरून माती परीक्षण केंद्रात गेलो. तिथल्या बाईंनी पिशवी उघडून पाहिली आणि लगेच बंद केली. "आमच्याकडे शेतीची माती तपासतात. ही दुसरीकडे न्या," म्हणत त्यांनी एका प्रयोगशाळेचा पत्ता लिहून दिला. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला. त्यात क्रोमियम आणि शिसं, या दोन नावांखाली लाल रेघ होती; दोन्ही विषारी, दोन्ही मर्यादेच्या कितीतरी वर.

मावशी खुर्चीत बसल्या, चष्मा काढून पुसला. मी म्हणाले, "मावशी, माती मी आणली. माझं चुकलं."

"तू काय चाखून पाहणार होती का?" त्या म्हणाल्या. मग रिपोर्टची घडी घातली. "भाजी मी वाटली ना. आता सांगाले बी मीच जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या निघाल्या. पोलिओच्या डोसांसाठी घरोघर हिंडायची सवय होतीच. मी रजा टाकून सोबत गेले. प्रत्येक दारात त्या एकच सांगत, "माह्या वाफ्यातली माती खराब निंगाली. ते भाजी तुम्ही खाल्ली आहे. लेकराइचं रक्त तपासून घ्या." पहिल्या दोन घरी मी नुसती उभी राहिले. तिसऱ्या घरी मात्र म्हणाले, "माती मी मागवली होती."

एका काकांनी हसण्यावारी नेलं. "कायले घाबरवता मावशी? झालं का कोणाले काही?" एका घरी सून गरोदर होती. तिची सासू सगळं ऐकून घेत राहिली. "आणखी काही?" एवढंच विचारून तिनं दार लावलं. मावशी पायरी उतरल्या. "बरोबर आहे तिचं," म्हणाल्या आणि पुढच्या घराकडे वळल्या.

टिप्परवाल्याला मी फोन केला तेव्हा माझा आवाज चढलेला होता. तो रविवारी स्वतःच आला. क्रोम पॉलिशचा एक जुना कारखाना पाडत होते, जागा खोदून माती फुकटात न्यायला सांगत होते, असं त्यानं सांगितलं. मी रिपोर्ट त्याच्यापुढे धरला. त्यानं तो वाचला की नुसता पाहिला, कळलं नाही.

"मॅडम, माह्या घरी पण टाकली ना मी. बायकोनं वांगे लावले त्याच्यात."

माझा राग तिथेच विरला. मावशींनी त्याला पाणी दिलं, पत्ता विचारला आणि त्याच संध्याकाळी मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. त्याच्या बायकोला समोर बसवून त्यांनी सगळं नीट समजावलं, तिच्या दोन्ही मुलींचे हात उलटेपालटे करून पाहिले. ती बाई आधी नवऱ्यावर चिडली, मग रडली, मग आमच्यासाठी चहा ठेवला.

माझ्या मुलीच्या रक्तात शिसं थोडं जास्त निघालं. डॉक्टरांनी काळजी घ्यायला सांगितली आणि काही महिन्यांनी पुन्हा तपासलं तेव्हा ते उतरलं होतं. त्या मधल्या दिवसांत ती झोपली की मी तिच्याकडे पाहत बसायची, काय शोधत होते कोण जाणे. गरोदर सुनेला मुलगा झाला, ठणठणीत. तिची सासू मावशींशी अजून बोलत नाही.

तक्रारीसाठी आम्ही प्रदूषण मंडळाच्या ऑफिसात किती खेपा घातल्या, आता आठवत नाही. कारखान्याच्या जागेला तोवर नवी भिंत लागली होती आणि मालक कोण हे कोणी सांगेना. शेवटी दोन माणसं येऊन नमुने घेऊन गेली. पुढचा पावसाळा संपल्यावर मावशींच्या आणि टिप्परवाल्याच्या अंगणातली माती पोत्यांत भरून नेली. कुठे नेली, ते विचारलं तर "नियमाप्रमाणे" इतकंच उत्तर मिळालं. ती दुसऱ्या कोणाच्या दारात पडली नसावी, अशी मी आशा करते. आमच्या फरशीखालची तशीच आहे. झाकलेली आहे, राहू द्या, असं ऑफिसवाले म्हणाले.

मावशींच्या हाताच्या चिरा आता भरल्या आहेत. अंगणात त्यांनी मुरूम पसरला आणि गच्चीवर ड्रम कापून त्यात मेथी लावली. त्यासाठी आणलेली माती आधी तपासून घेतली. पहिली जुडी त्यांनी कोणाकडे नेली नाही. हसण्यावारी नेणारे ते काकाच जिना चढून आले आणि म्हणाले, "मावशी, मेथी द्या ना थोडीशी." मावशींनी आधी त्यांना नव्या मातीचा रिपोर्ट वाचायला लावला.