घर रिकामं करणारी माणसं

आमच्या गॅलरीखाली वस्तीतली एक गल्ली आहे. आज सकाळपासून मंदाबाईंचं अख्खं घर तिथे बाहेर येऊन बसलं आहे. शेगडी, भांडी, अंथरुणं, म्हातारी सासूसुद्धा. मी वरून विचारलं, "रंगकाम काढलंत का?"

"कसलं रंगकाम, काका! नातीला गोवर निघालाय. तिला नि तिच्या आईला दिलंय घर. आम्ही इथं हवा खातोय."

एकच खोली आहे, आणि ती सहा माणसांनी एका मुलीसाठी रिकामी केली. मी थक्क होऊन बघत राहिलो. आमच्याकडे तीन खोल्या आणि दोन माणसं. कुणासाठी उंबऱ्याबाहेर बसायची वेळ आमच्यावर कधी आलीच नाही.

करोनातही ही माणसं अशीच बाहेर बसली होती. आत मंदाबाईंचा नवरा तापाने फणफणला होता. आजाऱ्याला वेगळं ठेवा, असं सगळीकडे सांगत होते. त्यांना वेगळं ठेवणं जमणार ते एवढंच. वरून मात्र ती नुसती गर्दी दिसली. चौकीवर फोन गेला. पोलिसांनी येऊन सगळ्यांना त्याच खोलीत पिटाळलं. पंधरा दिवसांत नवरा गेला आणि मागोमाग थोरला मुलगा, या नातीचा बाप.

"वस्तीतले लोक ऐकतच नाहीत," असं आमच्या इमारतीत जो तो म्हणाला. मीही म्हणालो. ते खोटं होतं. त्यांनी ऐकलं होतं. चौकीवर फोन मी केला होता.