कचऱ्यावरचे नगरसेवक

महाल भागातल्या माझ्या चपलांच्या दुकानासमोर कचऱ्याचा मोठा ढीग असायचा. एका सकाळी तिथल्या भिंतीला शिडी लावून एक बाई उभी दिसली. पदर खोचलेला, ब्रश दातांत धरलेला. ती आर्ट कॉलेजात शिकलेली होती, प्रदर्शनंही भरवून झाली होती. "तिथं लोक चित्रं कमी अन् समोसे जास्त पाहतात," म्हणून ती भिंतींकडे आणि वस्त्यांतल्या बायकांकडे वळली होती.

आमच्या गल्लीतल्या बायकाही तिनं जमवल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "ताई, देवाचं चित्र काढा. मंग कोणी कचरा टाकत नाही."

"देवाले काहून तरास देता वं?" ती शिडीवरून म्हणाली. "कचरा उचलाचं काम त्याचं हाये का?"

संध्याकाळपर्यंत ढिगाच्या बरोबर वर आमचे नगरसेवक हात जोडून हसत होते.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः तणतणत आले. "पुसा हे!"

"ढीग उचला, लगेच पुसते," ती म्हणाली. मागे सगळ्या बायका उभ्या होत्या.

दुपारी गाडी येऊन ढीग घेऊन गेली. तिनं चुन्याची बादली उचलली, तर साहेब हळूच म्हणाले, "राहू द्या न आता. मस्त जमलं हाये. फक्त पोट जरासं कमी करा."

तिनं पोट कमी केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, ढिगात चहाचे कप तुमच्याच दुकानातून पडतात न? साहेबाच्या बाजूले भिंतीवर जागा हाये अजून."

तेव्हापासून मी कप चौकातल्या कचरापेटीत नेऊन टाकतो. तिचं नाव मी विचारलं नाही. तिनं मात्र माझा चेहरा नीट पाहून ठेवला होता.